एकाच घरावरची मारामारी: एसईई किती खरं असावं? (बुद्धिबळ एंजिन लिहिणाऱ्यांसाठी)

अडीचघरी
मंडळी, सध्या संध्याकाळी वेळ मिळेल तसं बुद्धिबळाचं एंजिन लिहितोय, सी++ मधे, बिटबोर्डवालं (पट ६४ बिटांच्या आकड्यांत ठेवणारं). खेळ्या तयार करणं झालं, परफ्टचे (खेळ्या मोजून तपासायच्या चाचणीचे) आकडे जुळले, अल्फा-बीटा (निरुपयोगी फांद्या छाटत शोधणं) चालतंय, क्वायसन्स सर्चही (थोडक्यात क्यू-सर्च) लावलाय, म्हणजे ठरलेली डेप्थ (किती खेळ्या पुढे बघायचं ते) संपली की फक्त मारायच्या खेळ्या बघत पट शांत होईपर्यंत पुढे जायचं. पण मधल्या डावात पट तापला की हा क्यू-सर्चच सगळा वेळ खातो. वजिराने जोर असलेलं (म्हणजे दुसऱ्या मोहऱ्याने राखलेलं) प्यादं मार, मग त्याने वजीर मार, मग आपण सूड म्हणून अजून काहीतरी मार, असल्या फांद्या तो मुकाट्याने शेवटपर्यंत चालत जातो.

म्हणून एसईई लिहायला घेतलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टॅटिक एक्स्चेंज इव्हॅल्युएशन. एका घरावर मारामारी सुरू झाली आणि दोन्ही बाजू दरवेळी आपल्या सगळ्यात स्वस्त मोहऱ्याने मारताहेत असं धरलं, तर शेवटी कोणाच्या पदरात काय पडतं ते पटावर खेळ्या न खेळता काढायचं.

आता प्रश्न. पहिला आणि मोठा: पिन झालेली मोहरी (जी हलली तर मागच्या राजाला शह बसेल अशी) यात धरायची का? उदाहरण देतो. काळ्याचा राजा ई८ वर, घोडा सी६ वर, प्यादं डी४ वर, डी७ रिकामं, वजीर पटावर नाहीत. पांढऱ्याचा उंट बी५ वर, घोडा एफ३ वर. पांढऱ्याने घोड्याने डी४ मारलं तर एसईई म्हणतं प्यादं मिळालं, घोडा गेला, म्हणजे उणे २०० (प्यादं १००, घोडा ३०० धरून). प्रत्यक्षात सी६ चा घोडा हलूच शकत नाही, हलला तर राजाला शह. म्हणजे फुकटचं प्यादं आणि आपलं एंजिन ते बघतच नाही.

दुसरा छोटा प्रश्न: एसईई लावल्यापासून माझं एंजिन उंटाने घोडा मारायची खेळी कायम यादीत पार खाली टाकतंय, साध्या शांत खेळ्यांच्याही मागे. का ते कळेना.

पेशवाई_प्यादं
मारामारी शब्द बघून धागा उघडला, बुद्धिबळ निघालं. तरी बसतो, चालू द्या.

बिटबोर्डवाला
छान विषय काढलात. पिनकडे नंतर येतो, आधी एक गोष्ट तपासा, मागून येणारा जोर धरलाय का? एक्स-रे म्हणतात तो. बऱ्याच नवीन एंजिनांत पिनपेक्षा इथेच जास्त गडबड असते आणि तिचं नुकसानही जास्त.

हे बघा. ई५ वर काळं प्यादं. त्याला सी६ च्या घोड्याचा आणि ई८ च्या हत्तीचा जोर. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, हत्ती ई२ आणि ई१ वर, एकामागे एक. प्यादं १००, घोडा-उंट ३००, हत्ती ५००, वजीर ९०० धरू. पांढऱ्याच्या बाजूने खातं मांडत गेलं तर: घोड्याने प्यादं मारलं, अधिक १००. त्याने घोडा मारला, उणे २००. ई२ च्या हत्तीने घोडा मारला, परत अधिक १००. त्याच्या हत्तीने आपला हत्ती मारला, उणे ४००. आणि आता ई१ चा हत्ती, जो इतका वेळ ई२ च्या मागे लपला होता, तो मारतो, अधिक १००. पुढे मारायला काळ्याकडे कोणी नाही. आता शेवटाकडून मागे या आणि प्रत्येक पायरीवर विचारा की ज्याची पाळी आहे तो इथेच थांबला तर बरं की मारलेलं बरं. उत्तर येतं अधिक १००, प्यादं जिंकलं.

आता ई१ चा हत्ती विसरा. हिशोब उणे ४०० वर संपतो. मग पांढरा शहाणा असेल तर हत्ती घालणारच नाही, घोडा गेला तिथेच थांबेल. उत्तर उणे २००. एकच लपलेलं मोहरं धरलं नाही तर जिंकणारी खेळी हरणारी दिसते, आणि अशा रांगा पटावर रोज लागतात. पिन त्या मानाने कमी.

करायचं सोपं आहे. मारणारं मोहरं ऑक्युपन्सीच्या (कुठली घरं भरलेली आहेत ते सांगणाऱ्या) बिटबोर्डातून काढून टाका आणि त्या घरावरचे सरकणारे हल्ले, म्हणजे उंट, हत्ती, वजिराचे, परत काढा. प्याद्याने किंवा उंटाने मारलं तर फक्त तिरक्या रेषा, हत्तीने मारलं तर फक्त सरळ, वजिराने मारलं तर दोन्ही. घोडा काढल्यावर काहीच उघडत नाही, कारण घोडा आणि ते घर एका रेषेत नसतातच. तेवढं काम वाचतं.

वजीरवाडी
ही लपलेल्या मोहऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर अलेखिनची तोफ आठवली. सान रेमो १९३०, समोर निमझोविच. सी पट्टीवर दोन हत्ती पुढे आणि वजीर सगळ्यात मागे. महागडं मोहरं मागे ठेवायचं, स्वस्तातली पुढे घालायची. एसईईचा सगळ्यात-स्वस्त-आधी हा नियम आणि ती तोफ यांत विचार एकच आहे.

आणि हे शांत झाल्यावरच मोजायचं ही कल्पना तर या धंद्याइतकीच जुनी आहे. क्लॉड शॅननचा बुद्धिबळ-प्रोग्रॅमिंगवरचा लेख मार्च १९५० मधे छापून आला, त्यात त्याने स्पष्ट सांगितलंय की मारामारीच्या अधेमधे थांबून पट मोजण्यात अर्थ नाही, तो जरा स्थिरावला की मोजावा. मोहऱ्यांच्या किमती ९, ५, ३, ३, १ याही त्यात आहेत, आणि राजाला २०० म्हणजे बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

अॅलन ट्यूरिंगने तर कागदावरच एंजिन लिहिलं आणि १९५२ मधे स्वतः त्याचा हिशोब हाताने करत अॅलिक ग्लेनीशी डाव खेळला. २९ खेळ्यांत हरला. पण त्याचे नियम बघा: पुढे चालत राहायचं ते कशासाठी, तर परत मारणं, बिनजोर मोहरं मारणं, आणि स्वस्त मोहऱ्याने महाग मारणं, शिवाय मात. बाकी मारामाऱ्या पुढे बघायच्याच नाहीत. आपण ज्याला तोट्याच्या मारामाऱ्या क्यू-सर्चमधून गाळणं म्हणतो तेच की हे, फक्त कॉम्प्युटर हाताशी नसताना.

मैना
मी एंजिन लिहीत नाही, मुलांना खेळ शिकवते, पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. वजीरवाडी, बिनजोर शब्द वापरलात, बरं वाटलं. आमच्याकडे अजूनही जोर मोजायलाच शिकवतात. त्यांचे दोन जोर, आपले तीन हल्ले, मार! आणि इथेच पोरं फसतात. 

ई पट्टीवर पांढऱ्याचे दोन हत्ती आणि मागे वजीर. ई५ वर काळं प्यादं, त्याला डी६ च्या प्याद्याचा आणि सी६ च्या घोड्याचा जोर. तीन विरुद्ध दोन. पोरगं आनंदाने हत्तीने प्यादं मारतं. समोरच्याने प्याद्याने हत्ती मारला. आता पोरगं म्हणतं अजून दोन आहेत माझे, आणि दुसरा हत्तीही घालतं. घोड्याने तो मारला, वजिराने घोडा मारला. मोजा: दोन हत्ती गेले, मिळाली दोन प्यादी आणि एक घोडा. पहिल्या चुकीनंतर थांबलं असतं तर उणे चार होतं, हट्टाने उणे पाच झालं. मी मुलांना नुसते जोर मोजायला सांगत नाही, प्रत्येक जोराची किंमत शेजारी मांडायला लावते आणि विचारते की तू कुठे थांबशील. थांबायचा हक्क दोघांनाही असतो हे एकदा डोक्यात बसलं की मारामारी कळते. तुमचं एसईई हेच करतंय ना?

अडीचघरी
मैनाताई, अगदी हेच. तुमचं उदाहरण मी लगेच कोडला खाऊ घातलं, उणे ४०० दिलं त्याने.

बिटबोर्डवाला, एक्स-रे धरलाय, ऑक्युपन्सीमधून काढूनच. घोड्याची युक्ती मात्र नवीन, ती घालतो.

पेशवाई_प्यादं
मैनाताई नागपूरच्या का? दिव्या देशमुखच्या विश्वचषकानंतर नागपुरात म्हणे गल्लीगल्लीत क्लास निघालेत.

मैना
नागपूरची नाही हो, सातारची. पण तो बाटुमीचा अंतिम सामना आम्ही क्लासमधे सगळ्यांनी मिळून बघितला, जुलै २०२५, समोर कोनेरू हंपी, टायब्रेकपर्यंत गेला. मुलींची संख्या वाढली हे खरं आणि त्याचा मला फार आनंद आहे. असो, धागा भरकटेल. पिनचं काय झालं?

म्युनिकची_मावशी
पिनचं मी सांगते, आणि मी पिन धरायच्या बाजूची आहे. अडीचघरी यांनी दिलेलं उदाहरण काही दुर्मिळ नाही. स्पॅनिश ओपनिंग खेळणाऱ्या कोणालाही विचारा, बी५ चा उंट आणि सी६ चा घोडा, डी प्यादं हललं की पिन तयार. असा पट क्यू-सर्चमधे आला आणि एसईईने चांगली मारामारी उणे म्हणून गाळली तर ती गेलीच, कारण क्यू-सर्चमधे गाळलेली खेळी नंतर कोणी बघत नाही. वरच्या सर्चमधे निदान ती यादीत खाली जाते, कधीतरी पाळी येते. स्टॉकफिशमधेही हे धरलेलं आहे: पिन करणारं मोहरं मूळ जागी आहे तोवर पिन झालेल्याला मारू देत नाहीत. जगातलं सगळ्यात ताकदवान एंजिन जर ते करत असेल तर आपण का नको?

राजाचंही तसंच. शेवटचा मारणारा राजा असेल आणि समोरच्याचा अजून एक हल्ला शिल्लक असेल तर राजा मारूच शकत नाही. हे तर सगळेच धरतात. मग पिन का सोडायची?

बिटबोर्डवाला
मावशी, तुमचा मान राखून असहमत.

राजाचं धरणं फुकटात होतं. शेवटचा मारणारा राजा आणि समोर हल्ला शिल्लक, इतकंच बघायचं, ते हातातल्या बिटबोर्डात आधीच असतं. पिनचं तसं नाही. दोन्ही बाजूंच्या पिन काढा, मारामारीच्या ओघात पिन करणारं मोहरंच घरावर येऊन मेलं तर पिन सुटते ते बघा, पिन झालेला हत्ती पिनच्याच रेषेत मारू शकतो ते बघा. स्टॉकफिशला परवडतं कारण पिन करणारे आणि अडवणारे त्यांच्याकडे पटाच्या स्थितीबरोबर आधीच काढून ठेवलेले असतात, खेळ्या कायदेशीर आहेत का ते तपासायला लागतातच. ज्याच्याकडे ते नाही त्याने फक्त एसईईसाठी दर नोडला (सर्चमधल्या प्रत्येक पटाला) ते काढणं म्हणजे महागात पडणार.

आणि खरी गोष्ट अशी की पिन ही एसईईच्या अज्ञानातली एकच गोष्ट आहे. एकाच मोहऱ्यावर दोन कामं असतात, ते परत मारायला आलं की मागच्या रांगेत मात बसते, एसईईला कळतं? नाही. मधेच शह देऊन मग परत मारणं, कळतं? नाही. दुसऱ्या घरावर वजीर लटकतोय, कळतं? नाही. एसईई एका घरापलीकडे बघतच नाही, आणि म्हणूनच ते इतकं स्वस्त आहे. किराणा दुकानदार सामान बांधता बांधता तोंडी बेरीज सांगतो तसं ते. पैशाचा घोळ असेल तर वही आहेच, आणि आपली वही म्हणजे सर्च.

वजीरवाडी
+१ बिटबोर्डवाला. खरं शोधणं हे सर्चचं काम आहे. एसईईने फक्त रांग लावायची.

म्युनिकची_मावशी
रांग लावण्यापुरतं मान्य. पण क्यू-सर्चमधे तुम्ही रांग लावत नाही, खेळ्या फेकता. तिथे दुकानदाराची बेरीज चुकली तर वहीत ती नोंद येतच नाही. माझा मुद्दा तिथला आहे आणि त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

सह्यकडा
मावशींचा मुद्दा वजनदार आहे, आणि मला वाटतं उत्तर एसईई जास्त खरं करण्यात नाही, त्याला विचारायचा प्रश्न बदलण्यात आहे.

तुम्ही एसईईला विचारता, किती? नेमका आकडा दे. एंजिनला आकडा जवळजवळ कधीच लागत नाही. लागतं ते होय किंवा नाही: निदान इतकं मिळतंय का? म्हणजे एक उंबरठा द्यायचा आणि फंक्शनने फक्त खरं-खोटं परत द्यायचं. स्टॉकफिशमधलं फंक्शन असंच आहे.

याने दोन गोष्टी होतात. एक तर वेग. प्याद्याने घोडा मारला, उंबरठा शून्य. सगळ्यात वाईट काय होईल, प्यादं जाईल. ३०० मिळाले, १०० गेले, तरी अधिक २००. उत्तर होय, त्या घरावर कोणाकोणाचा जोर आहे ते बघायचीसुद्धा गरज नाही. हत्तीने हत्ती मारला, तिथेही तसंच, वाईटात वाईट शून्य. उलट बाजूने, प्यादं मारून निदान ३०० मिळतील का विचारलं तर पहिल्याच ओळीत नाही. बऱ्याचशा मारामाऱ्या अशा दोन तुलनांतच निकालात निघतात, लूपमधे शिरायचंच नाही. लूपमधे गेलात तरी निकाल फिरू शकत नाही असं दिसलं की लगेच बाहेर.

दुसरं, उंबरठा तुमच्या हातात राहतो. क्यू-सर्चमधे शून्याऐवजी थोडा उणे उंबरठा ठेवा, काठावरच्या खेळ्या वाचतील. वरच्या सर्चमधे डेप्थ कमी असताना उणे बाजूला डेप्थच्या पटीत उंबरठा ठेवून गाळा, म्हणजे जितकी डेप्थ जास्त तितकी दया जास्त. आणि हे शांत खेळ्यांनाही चालतं बरं का. शांत खेळीत मारलेल्याची किंमत शून्य धरायची आणि विचारायचं, हा घोडा त्या घरात गेला तर फुकट मरतो का? असल्या खेळ्या कमी डेप्थला गाळल्या की झाड चांगलंच बारीक होतं. शहामुळे डेप्थ वाढवत असाल तर तिथेही विचारा: शह देणारं मोहरं फुकट जात नसेल तरच वाढवायची.

शून्यप्रहर
सह्यकडा, फार छान समजावलंत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पण एक मूलभूत शंका. आता सगळीकडे एनएनयूई (पट मोजणारं छोटं न्यूरल नेटवर्क) आहे. नेटवर्कच पट बघून सांगतं कोण वरचढ. मग मोहऱ्यांच्या १००-३००-५०० किमतींवर चालणारं हे जुनं यंत्र ठेवायचं कशाला? डीपमाइंडचं स्वतःच शिकणारं अल्फाझिरो आलं तेव्हा तर त्यात असलं काहीच नव्हतं.

सह्यकडा
अल्फाझिरो आणि त्याच धर्तीचं लीला एंजिन यांची तऱ्हा वेगळी. त्यांचं नेटवर्क कुठली खेळी बघण्यासारखी आहे हेही सांगतं आणि ते झाडही वेगळ्या पद्धतीने वाढवतात, त्यामुळे त्यांना एसईई लागत नाही. अल्फा-बीटावाल्यांची गोष्ट निराळी. स्टॉकफिश १२ सप्टेंबर २०२० मधे आलं, एनएनयूईसकट, आणि त्यानंतरही एसईई तिथेच आहे. नेटवर्क सांगतं हा पट कसा आहे. ही खेळी बघायची की नाही हे पट तयार व्हायच्या आधी ठरवायचं असतं, आणि त्यासाठी नेटवर्क चालवणं परवडत नाही.

उलट नेटवर्कलाच शांत पट लागतात. शिकवायला पट निवडताना राजाला शह असलेले, किंवा सर्वोत्तम खेळी मारायची आहे असे पट वगळायची पद्धत आहे. मारामारीच्या मधला पट स्थिर नजरेने मोजता येत नाही हे शॅननचंच म्हणणं, सत्तर वर्षांनी नेटवर्कलाही लागू.

वजीरवाडी
शून्यप्रहर यांच्या जुनं यंत्र या शब्दावरून आठवलं. बेल माहितेय का? बेल लॅब्समधे केन थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांनी बनवलेलं, खरोखरचं यंत्र, फक्त बुद्धिबळासाठी बांधलेलं हार्डवेअर. १९८० मधे लिंझला कॉम्प्युटरांचं जगज्जेतेपद घेतलं, १९८३ मधे अमेरिकेत मास्टरचा दर्जा. त्याच्या सर्किटात दोन पायऱ्या होत्या, आधी बळी शोधा, सगळ्यात महाग, मग त्याला मारणारा शोधा, सगळ्यात स्वस्त. आपण एमव्हीव्ही-एलव्हीए म्हणून चार ओळींत लिहितो ते तिथे तारांमधे होतं. फेंग-श्युंग सूने पुढे डीप ब्लूच्या चिपसाठी खेळ्या काढायची रचना बेलवरूनच घेतली, आणि १९९७ च्या मेमधे कास्पारोव्ह त्या डीप ब्लूकडून साडेतीन विरुद्ध अडीचने हरला. 

पेशवाई_प्यादं
म्हणजे कास्पारोव्हला हरवण्यात बळी महाग, मारेकरी स्वस्त या धोरणाचा हात होता. आमच्या गावच्या राजकारणात हे कधीपासून चालतं.

मैना
:))

मला एक विचारायचंय. बळी महाग आणि मारणारा स्वस्त ही रांग इतकी सोपी आहे, तर नुसत्या तेवढ्यावर का भागत नाही?

बिटबोर्डवाला
कारण त्या रांगेला जोर दिसत नाही. वजिराने हत्ती मारला की रांग खूश, बळी महाग आहे. हत्तीला प्याद्याचा जोर असला तरी ती खेळी वरच. आणि सगळ्या मारामाऱ्या शांत खेळ्यांच्या पुढे ठेवायच्या असतात, त्यामुळे वजिराने जोर असलेलं प्यादं मारणं हेही चांगल्या शांत खेळीच्या आधी बघितलं जातं. एसईई लावून यादीचे दोन भाग करायचे. नुकसान नसलेल्या मारामाऱ्या सगळ्यात आधी, मग शांत खेळ्या, आणि तोट्याच्या मारामाऱ्या शेवटी. चांगल्यांच्या आपापसातल्या क्रमाला महाग-स्वस्त रांग पुरते.

शून्यप्रहर
अरे, यावरून अडीचघरींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटतंय, तो प्रश्न सगळे विसरलेच. अडीचघरी, एसईईमधे घोड्याची आणि उंटाची किंमत काय ठेवलीय?

अडीचघरी
घोडा ३२०, उंट ३३०. जी मूल्यमापनात तीच इथे.

शून्यप्रहर
मग झालं की. उंटाने जोर असलेला घोडा मारला: ३२० मिळाले, ३३० गेले, उणे १०. उणे म्हटल्यावर तुमची यादी ती खेळी तोट्यात टाकते, म्हणजे शांत खेळ्यांच्याही मागे. क्यू-सर्चमधे तर ती बघितलीच जात नसणार. म्युनिकची मावशी म्हणाल्या त्या स्पॅनिशमधे उंटाने सी६ मारणं ही अख्खी एक्स्चेंज पद्धत तुमच्या एंजिनला तोट्याची वाटतेय!

उपाय दोन. एसईईपुरत्या घोडा-उंट सारखे करा, मूल्यमापनात वेगळे ठेवा, दोन्हीकडे तीच किंमत हवी असा काही नियम नाही. किंवा सह्यकडांचा थोडा उणे उंबरठा, त्यात हे आपोआप सामावतं.

अडीचघरी
व्वा! हेच आहे. लगेच बघितलं, सी६ वर उंटाने मारण्याची खेळी थेट पहिल्या गटात आली. मनापासून आभार.

म्युनिकची_मावशी
शून्यप्रहर, सुरेख पकडलंत. आणि बघा, हीसुद्धा क्यू-सर्चमधे खेळी फेकली गेल्याचीच गोष्ट. सह्यकडांचा उणे उंबरठा मला पटलाय, पण पिनच्या उदाहरणात फरक उणे २०० चा होता, तो छोट्या उंबरठ्यात मावत नाही.

सह्यकडा
मावत नाही, खरं आहे. पण मग मतांवर भांडण्यापेक्षा डाव खेळवून बघणं उत्तम. पिन धरणारं आणि न धरणारं अशी दोन बांधणी एकमेकांशी कमी वेळाचे भरपूर डाव खेळू द्या आणि एसपीआरटी लावा, म्हणजे फरक पुरेसा सिद्ध झाला की चाचणी आपोआप थांबते. स्टॉकफिशवाले २०१३ पासून फिशटेस्ट या त्यांच्या चाचणी-यंत्रणेवर हेच करतात, कोणाचंही मत असो, डाव काय म्हणतात ते बघायचं. तुमच्या एंजिनमधे पिन आधीच काढलेल्या असतील तर मावशींचं पारडं जड होईल, नसतील तर बिटबोर्डवाल्यांचं. दोघांचंही बरोबर असू शकतं, वेगवेगळ्या एंजिनांत.

बिटबोर्डवाला
त्याच्याही आधी एसईई बरोबर चालतंय याची खात्री. सोपा मार्ग: एक संथ फंक्शन लिहा जे खरोखर खेळ्या खेळतं, फक्त त्या एका घरावरच्या मारामाऱ्या, दरवेळी थांबायची मुभा देऊन, साधं नेगामॅक्स (दर पाळीला ज्याची चाल त्याने आपल्यासाठी सर्वोत्तम निवडायचं). मग यादृच्छिक डाव खेळवून प्रत्येक पटावरच्या प्रत्येक मारायच्या खेळीला दोन्हीकडून विचारा. जिथे उत्तर वेगळं तो पट छापा. कायदेशीर खेळ्याच खेळवल्यात तर पिनवाले पट वेगळे निघतीलच, आणि ते हाताने चाळले की पिनमुळे एसईई किती वेळा चुकतं त्याचा तुमच्याच एंजिनमधला अंदाज येईल. एन पासाँकडे (दोन घरं पुढे आलेलं शेजारचं प्यादं प्याद्याने मारणं) लक्ष ठेवा, तिथे मेलेलं प्यादं त्या घरात नसतं, शेजारच्या घरातून काढावं लागतं, आणि ते काढल्यावर नवीन रेषा उघडू शकते.

मावशी, त्या यादीत पिनवाले पट खरंच खूप निघाले तर मी तुमच्या बाजूने.

म्युनिकची_मावशी
मंजूर. :)

अडीचघरी
थोड्या खंडानंतर धागा वर काढतोय, सगळ्यांना सांगायला.

होय-नाही वालं फंक्शन लिहिलं, घोडा-उंट एसईईपुरते सारखे केले, तोट्याच्या मारामाऱ्या यादीच्या शेवटी. क्यू-सर्चची भूक दिसण्याइतकी कमी झाली, तेवढ्याच वेळात एंजिन आधीपेक्षा खोल बघतंय. संथ फंक्शनशी ताडून बघितलं. वेगळे निघालेले पट मुख्यतः दोन प्रकारचे. एक पिन, अपेक्षेप्रमाणे. माझ्याकडे कायदेशीर खेळ्या काढताना चालीतल्या बाजूच्या पिन आधीच हातात असतात, त्यामुळे मावशींची पद्धत निदान एका बाजूने जवळजवळ फुकट बसतेय. ती स्विचमागे ठेवलीय आणि आता दोन बांधणींचे डाव चालू आहेत.

दुसरा प्रकार मात्र कोणी बोललं नव्हतं. प्यादं सातव्या रांगेवरून आठव्यावर मारत वजीर होतं तेव्हा. संथ फंक्शन म्हणतं हत्ती मारला शिवाय प्याद्याचा वजीर झाला, एसईई म्हणतं नुसता हत्ती. हे धरायचं का?

सह्यकडा
पहिलीच खेळी बढतीची असेल तर धरा, तिथे सोपं आहे: मिळकतीत वजीर उणे प्यादं मिळवा, आणि त्या घरात आता प्यादं नाही, वजीर उभा आहे असं धरून पुढे मोजा, कारण मेला तर वजीर मरणार. मारामारीच्या मधे कुठेतरी प्यादं परत मारताना बढती होत असेल तर सोडून द्या. त्यासाठी लूपमधे दर पायरीला रांग तपासावी लागते, आणि सगळ्यात स्वस्त मोहरं आधी हा नियमही तिथे डळमळतो. बढतीच्या खेळ्या तशाही क्यू-सर्चमधे वेगळ्या घेतल्या जातात, तिथे त्या पटावर खेळूनच बघितल्या जातील.

म्युनिकची_मावशी
आणि चाचणी थांबली की निकाल इथेच टाका, काहीही लागो. दुसऱ्या बाजूच्या पिन काढायला किती वेळ जातो तेही मोजून ठेवा, कारण निम्म्या पिन धरून आलेला निकाल माझ्या पद्धतीचा पूर्ण निकाल नाही.

अडीचघरी
टाकतो. दुसऱ्या बाजूचं आज रात्रीच मोजतो.